गाण्याची पट्टी

कोल्हापुरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे करार आणि हिशेब मी बघते. गेल्या शनिवारी दुपारी कसबा बावड्यातला एक मुलगा माझ्या ऑफिसात आला. वय तेवीस. दिवसा शिरोली एमआयडीसीत मशीनवर असतो, रात्री रॅप लिहितो. मोबाईल माझ्यापुढं धरत म्हणाला, "आक्का, गाणं तयार हाय. उद्या सगळीकडं टाकायचं."

गाणं ऐकलं. फाउंड्रीतल्या तिसऱ्या पाळीवरचं आहे. भट्टीपुढं उभ्या माणसाला पहाटे चार वाजता काय दिसतं, ते त्यानं असं लिहिलंय की मी परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. मध्ये एका जागी नुसती हलगी वाजते. तिथं अंगावर काटा आला.

"बीट कुणाची?" मी विचारलं. बीट म्हणजे रॅपमागं वाजणारं तयार संगीत.

"नेटवरनं घेतली."

"फुकट की विकत?"

"विकत की. पंधराशेला."

"मग लायसन्सचा कागद आला असंल. काढ."

मेलमध्ये शोधायला वीस मिनिटं गेली. सापडल्यावर आम्ही दोघांनी तो ओळ न् ओळ वाचला. बीट त्याला भाड्यानं मिळाली होती, मालकीची नव्हती. तीच बीट आणखी कितीही जणांना विकायची मुभा करणाऱ्याला होती, गाणं ठरावीक आकड्यापर्यंतच वाजवता येणार होतं, आणि ते यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणं ओळखून आपोआप दावा लावणाऱ्या यंत्रणेत, नोंदवायला स्पष्ट मनाई होती. यानं मात्र गाणी पाठवायच्या अर्जात कंटेंट आयडीच्या चौकटीत खूण करून ठेवली होती. गाणं तसंच गेलं असतं तर त्याच बीटवर गाणाऱ्या जगातल्या प्रत्येक पोराच्या व्हिडिओवर याच्या नावानं दावा लागला असता, त्यांची भांडणं याच्या दारात आली असती, आणि पहिल्याच गाण्याला खातं बंद पडायची वेळ आली असती.

त्याला मी काही बोलले नाही. दहा तास मशीनवर उभं राहून आलेल्या पोरानं गाणं लिहावं, की इंग्रजीतला चार पानी कागद वाचावा? वाचणारं माणूस वेगळं लागतं. तीसहून जास्त वर्षं झाली, मी ते वाचणारं माणूस आहे.

ही कामाची सवय गाण्यातून आलेली नाही, गुळातून आली. माझे वडील शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. शेतकरी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, घेऊन यायचा, सौदा व्हायचा, आणि अडत, हमाली, तोलाई वजा करून त्याच्या हातात पट्टी पडायची. किती रवे, काय भाव, काय कापलं, काय उरलं, सगळं एका कागदावर. वडिलांचा एकच कडक नियम होता. ज्या दिवशी सौदा त्या दिवशी पट्टी. माणूस चंदगडहून आला असो की करवीरातल्या शेजारच्या गावातून, त्याला "उद्या या" म्हणायचं नाही. रात्रीचे दहा वाजले तरी कंदील लावून पट्टी लिहून मगच घरी यायचे. आई म्हणायची, "मी जेवायची थांबतो, पण तुमची पट्टी काय थांबत न्हाई."

१९९२ साली बी.कॉम. झाले आणि बिंदू चौकाजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात हिशेब लिहायला लागले. पुढं विक्री आणि मागच्या खोलीत कॉपी करायचं मशीन. एक मास्टर, म्हणजे मूळ टेप, लावायचा आणि एका वेळी कॅसेटांचा एक घाणा काढायचा. मालक स्वतः गाणी काढायचे. जोतिबाची गाणी, धनगरी ओव्या, भेदिक, पोवाडे, भजनी मंडळं. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना यातलं काही नको होतं. स्वतंत्र संगीत हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणी वापरत नव्हतं. पण कुणाच्या सांगण्यावाचून आपल्या पैशानं गाणं करायचं आणि आपल्या पायांनी विकायचं, याला दुसरं काय म्हणणार?

चैत्र पौर्णिमेला आम्ही जोतिबाच्या डोंगरावर स्टॉल लावायचो. सासनकाठ्या नाचत असतात, "चांगभलं"चा गजर चाललेला असतो, आणि आभाळातून गुलाल पडत असतो. तो गुलाल कॅसेटच्या कवचात शिरायचा. गिऱ्हाईक घरी नेऊन लावायचं आणि टेपरेकॉर्डरचं हेड गुलाबी व्हायचं. पहिल्या वर्षी चाळीस कॅसेटा परत आल्या. दुसऱ्या वर्षापासून मी प्रत्येक कॅसेट दोन पिशव्यांत घालून मेणबत्तीवर तोंड चिकटवायला लावलं. पट्टणकोडोलीच्या यात्रेत तीच गत भंडाऱ्याची. मार्केटिंग हा शब्द मला पुढं फार वर्षांनी भेटला. गाणं ऐकणाऱ्याच्या घरापर्यंत धड पोचलं पाहिजे, एवढं मात्र मी त्या डोंगरावर शिकले.

तेव्हाची पद्धत अशी की कलावंताला एकदाच ठोक रक्कम द्यायची आणि कागदावर अंगठा नाहीतर सही घ्यायची. मालक वाईट माणूस नव्हते. सगळेच तसं करायचे, तेही करत होते. कागल तालुक्यातल्या एका शाहिरांच्या वेळी मी मालकांना म्हटलं, "ह्यांना ठोक नको, कॅसेटमागं रुपया देऊया. खपली तर द्यायचा, नाही खपली तर आपलंच वाचलं." त्यांनी आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाले. १९९६ च्या दिवाळीत मी पहिली पट्टी लिहिली, वडील लिहायचे तशीच. खप २,१४० कॅसेटा. रक्कम २,१४० रुपये. वजा उचल १,५०० रुपये. हातात ६४० रुपये. शाहिरांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "पैसं आजवर मिळाल्यात, बाई. पर माझा आवाज किती घरात गेला, ते कुणी सांगितलं नव्हतं."

त्या दिवशी मी हा धंदा सोडायचा नाही असं ठरवलं. आमचे गाणारे लोक पट्टी म्हणजे पेटीवरचा गायचा सूर, काळी दोन की पांढरी चार, एवढंच समजायचे. तेव्हापासून आमच्याकडं या शब्दाला दुसरा अर्थ आला. आजही फोन येतो तो "आक्का, माझी पट्टी कवा?" असाच.

कॅसेट कशी मेली ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी शंभर गाण्यांची एमपीथ्री सीडी एसटी स्टँडबाहेर वीस रुपयांना मिळायला लागली, मग मोबाईलच्या दुकानांत "कार्ड भरून मिळेल" अशी पाटी लागली. मालकांनी २००६ मध्ये दुकान बंद केलं. माझा सात महिन्यांचा पगार थकला होता. त्याऐवजी मी मास्टर टेपा आणि करारांची फाइल मागून घेतली, हक्कांसह, स्टॅम्पपेपरवर लिहून. घरचे म्हणाले, भंगार घेऊन आलीस. नंतरची काही वर्षं त्या भंगारावरच घर चाललं, कारण कॉलर ट्यून आली. महिन्याला तीस रुपये गिऱ्हाइकाच्या बॅलन्समधून जायचे. मोबाईल कंपनी आणि मधले लोक आपापला वाटा कापून घ्यायचे, तरी उरलेलं कॅसेटच्या रुपयापेक्षा जास्त भरायचं. धनगरी ओवीची एक ट्यून तर आठ महिने चालली. पुढं ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, ग्राहकाची दोनदा संमती घेणं सक्तीचं केलं आणि ती कमाई आटली. नियम योग्यच होता, लोकांचे पैसे न विचारता कापले जात होते.

त्याच ओवीच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. अर्जात गीतकाराच्या रकान्यात मी "पारंपरिक" असं लिहिलं. गाणाऱ्यानंच तसं सांगितलं होतं, पण मी खोदून विचारायला हवं होतं. तीन वर्षांनी हातकणंगले तालुक्यातून एक मुलगा वही घेऊन आला. त्याच्या वडिलांच्या हातची वही. ओवी त्यात होती, खाली तारीख होती, आणि वडील तेव्हा हयात होते, मेंढरं घेऊन कोकणात गेलेले. नोंद दुरुस्त व्हायला अकरा महिने लागले. मागचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. पण ओवी गाजत होती तेव्हा त्या माणसाला कुणी ओळखलं नाही, ते मी भरून देऊ शकले नाही. पारंपरिक हा शब्द लिहिताना आजही माझा हात थांबतो. अभंग तुकोबांचा असेल तर शब्दांवर कुणाचा हक्क नाही, ते सर्वांचे आहेत. चाल मात्र ज्यानं बांधली त्याची. आणि ज्याला आपण परंपरा म्हणतो त्यातलं बरंचसं कुणीतरी कालच रचलेलं असतं.

मग मी कायदा मुळातून वाचायला घेतला. १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि त्यातली २०१२ ची दुरुस्ती. वकील मैत्रिणीकडं दर रविवारी बसायचे. त्या दुरुस्तीनं सिनेमातल्या आणि ध्वनिमुद्रणातल्या गाण्यांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा मिळाला, आणि तो वाटा कंपनीला लिहून देताच येणार नाही अशी तरतूद झाली. हक्क टिकतो तो रचणाऱ्याच्या आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं, तो मूळचा निर्मात्याचा. म्हणजे स्टुडिओचं भाडं ज्यानं भरलं, खटाटोप ज्यानं केला, त्याचा. हे कळल्यापासून मी प्रत्येकाला सांगते, स्टुडिओच्या शिफ्टची पावती स्वतःच्या नावानं घ्या आणि जपून ठेवा.

एका कलमानं मात्र आमच्या एका भजनी मंडळाचं नशीब बदललं. मंडळानं १९९७ मध्ये वर्गणी काढून स्वतः रेकॉर्डिंग केलं आणि मास्टर बाहेरगावच्या एका कंपनीला चार हजारांत दिला. कागदावर "सर्व हक्क दिले" एवढंच. मंडळातल्या बुवांच्या नातवानं आजोबांचं भजन यूट्यूबवर टाकलं, तर त्या कंपनीचा दावा आला. आजोबांच्या आवाजावर नातवाला दावा. घर हादरून गेलं. बुवा तर म्हणायला लागले, आपण काहीतरी चोरलंय का? मी तो कागद मागवला. मुदत लिहिलेली नव्हती. कायद्याचं कलम १९, पोटकलम ५ म्हणतं, हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे २००२ मध्येच हक्क मंडळाकडं परत आले होते. आम्ही कागदाची प्रत, कलम आणि स्टुडिओची पावती जोडून हरकत घेतली. दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. उत्तर आलं नाही, दावा सुटला. बुवांना कळवायला गेले तेव्हा ते गोठ्यात होते. हात धुऊन आले, टोपी घातली, मग म्हणाले, "आता सांगा."

कोल्हापुरात राहून हे काम कसं जमतं, असं मुंबई-पुण्याचे लोक विचारतात. मला वाटतं हे काम इथंच जमावं. या गावात देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासून आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला होते, आणि त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं ऐकली, जपली गेली. खाँसाहेबांच्या तानेबद्दल, अनवट रागांबद्दल आपण भरभरून बोलतो. दरबारातून मिळणाऱ्या वेतनाबद्दल कुणी बोलत नाही. मला मात्र त्या वेतनाची नोंद करणाऱ्या कारकुनाबद्दल फार आदर वाटतो. चूल पेटेल की नाही ही काळजी नसली की माणूस एका रागावर वर्षानुवर्षं बसू शकतो. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांचा मुक्काम पुढं मुंबईत गेला. आता महाराज नाहीत. आश्रय हजार ठिकाणाहून पैशा-पैशानं येतो, आणि तो गोळा करणारा कारकून लागतोच.

पैशा-पैशानं हे शब्दशः. ऑनलाइनचा महिन्याचा हिशेब येतो तो दोन-अडीच महिने उशिरा आणि हजारो ओळींचा. एकेका ओळीत पैशाच्याही अपूर्णांकातल्या रकमा. लोकांना वाटतं एकदा ऐकलं की ठरलेला दर मिळतो. तसं नसतं. महिन्याभराची एकत्र जमा रक्कम असते, तिच्यात आपल्या गाण्याचा जेवढा हिस्सा तेवढे पैसे. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून बारा महिन्यांत हजार वेळा वाजल्याशिवाय गाण्याला काहीच मिळत नाही. म्हणून आमच्याकडच्या कलावंतांची खरी कमाई अजून कार्यक्रमांतूनच होते, आणि तिथंही कागद लागतोच. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या कार्यक्रमाचं कलावंताचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, हे आयोजकांनासुद्धा माहीत नसतं. मानधनातून उगाच कापून घेतलेले पैसे मी कितीतरी वेळा परत आणलेत.

तिकिटाच्या कार्यक्रमात माझी एक पद्धत आहे. पाकीट मध्यंतरात द्यायचं, शेवटी नाही. शेवटी माणसं भेटायला येतात, फोटो होतात, साउंडवाला केबल गुंडाळत असतो, आणि तबलजी मागं कोपऱ्यात वाट बघत उभा राहतो. ते मला बघवत नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात मागच्या बाजूला एक लाकडी बाक होता, त्यावर बसून मी कितीतरी पाकिटं भरली. १९१५ सालचं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी गावातले साउंडवाले, मेकअपवाले, नाटकवाले रस्त्यावर उभे राहून रडत होते. मीही होते. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

पाण्यानंही एकदा हिसका दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या आमच्या ऑफिसात छातीइतकं पाणी होतं. करारांची फाइल मी वर माळ्यावर ठेवायची, ती वाचली. मास्टर टेपा खालच्या कप्प्यात होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढल्या, तीन महिने वाळवल्या, तरी निम्म्या गेल्या. शाहिरांचा पोवाडा त्यातच गेला. शाहीर स्वतः दोन वर्षं आधीच वारले होते. म्हणजे माझ्याकडं त्यांच्या आवाजाचा कागद होता, आवाज नव्हता.

मग शोध सुरू केला. गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या घरी एक कॅसेट मिळाली. पिशवी नव्हती, म्हणजे जोतिबाच्या यात्रेत तिच्यावर गुलाल पडला असणार, असं मी पाहताक्षणी म्हटलं. त्यांनी सांगितलं, टेपरेकॉर्डर बंद पडल्यावरही ती टाकली नाही, यात्रेला दरवर्षी नेतो, पायरीला लावून परत आणतो. आम्ही पाच स्क्रू काढून कवच उघडलं. दाबपट्टीचा स्पंज वाळून गेला होता, चाकांभोवती गुलालाची लाल भुकटी. मऊ ब्रशनं ती काढली, टेप अलगद उचलून नव्या कवचात बसवली आणि एका दमात संगणकावर उतरवली, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नव्हती. खरखर आहे. ब बाजूला एका जागी आवाज बुडतो. पण आवाज शाहिरांचाच. आता तो सगळीकडं ऐकायला मिळतो आणि त्याची पट्टी दर तिमाहीला त्यांच्या पत्नीच्या नावानं जाते. मागची होती ४१२ रुपयांची. पैसे बँकेत जातात, पण कागद मी पोस्टानं पाठवते. काकूंना कागद हवा असतो, त्या तो शाहिरांच्या फोटोमागं ठेवतात.

या लाईनीत यायचं म्हणणारी मुलंमुली आता भेटायला येतात. त्यांना मी गाण्याबद्दल काही विचारत नाही. मागच्या महिन्यात कुणाचे किती पैसे देणं होतं आणि कोणत्या तारखेला दिले, ते विचारते. माझ्याकडं एकवीस वर्षांपासूनचे कलावंत आहेत. दुसरीकडं जास्त पैसे देतो म्हणणारे त्यांना भेटले नाहीत असं नाही. ते थांबले, कारण पट्टी चुकली नाही, आणि कमी आली तेव्हा का कमी आली ते लिहिलेलं होतं.

तर, बावड्याचा मुलगा. कंटेंट आयडीची खूण काढली. गाणं बारा दिवस पुढं ढकललं. मग मी वाटणीचा कागद काढला. शब्द त्याचे, आवाज त्याचा, मिक्सिंग मित्राचं, बीट करणाऱ्याचं नाव लायसन्सप्रमाणं. शेवटी विचारलं, "हलगी कुणी वाजवली?"

"आमच्या तालमीतलं अण्णा. त्यांस्नी हजार दिल्यात की."

"पैसे दिलेस, बरं केलंस. नाव?"

तो गप्प झाला. तालमीत सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. जन्मापासून ओळखतो, पण पूर्ण नाव माहीत नव्हतं. मी त्याला समजावलं, वाजवणाऱ्याचाही हक्क असतो, त्याची संमती लागते, ती लेखी घेतलेली बरी, आणि त्याच्या वाट्याची टक्केवारी आत्ताच ठरली तर पुढं कुणाचं मन दुखणार नाही. सोमवारी तो अण्णांना घेऊन आला. साठीचे गृहस्थ, धुतलेला पांढरा शर्ट, हलगी पिशवीत बरोबर आणलेली, का ते मी विचारलं नाही. टक्केवारी पोरानंच सांगितली, दहा. अण्णांनी कागदावर बोट ठेवून आपलं नाव कुठं आहे ते बघितलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

पॅन कार्ड नव्हतं त्यांच्याकडं. बुधवारी पोरगा सुट्टी काढून त्यांना घेऊन गेलाय.